रिकाम्या बाकांपुढचा आवाज

वारज्याच्या आमच्या इमारतीत मी राहायला आले, त्या पावसाळ्यात समोरच्या दारामागून रोज दुपारी कुणीतरी भांडताना ऐकू यायचं. आवाज बाईचा होता, पण बोलणारा पुरुष होता. "मी सरकारला विचारतो," "मी हे खपवून घेणार नाही," असं चाललेलं असायचं. मग क्षणभर शांतता, आणि त्याच आवाजात दुसरा कुणीतरी सावकाश, शब्द चघळत उत्तर द्यायचा. मध्येच एखादी बाई तावातावानं उठायची. दारावर पाटी मात्र एकच: इंदुमती ओव्हाळ. वॉचमननं सांगितलं होतं की मॅडम एकट्याच असतात.

एका दुपारी न राहवून मी बेल वाजवली. आतली माणसं एकदम गप्प झाली. उंच, सडसडीत, पांढऱ्या आखूड केसांच्या एका बाईंनी दार उघडलं. मी विचारलं, सगळं ठीक आहे ना?

"ठीक कसं असेल? अधिवेशन चालू आहे," त्या म्हणाल्या आणि मला आत घ्यायला बाजूला झाल्या.

आत टीव्हीवर संसदेचं कामकाज चाललं होतं. आवाज पूर्ण बंद. समोर वर्तमानपत्रावर मेथीची जुडी, अर्धी निवडलेली. माझ्याशी दोन वाक्यं बोलून त्या परत खुर्चीत बसल्या, आणि मेथी निवडता निवडता पडद्यावरच्या माणसाचं भाषण त्यांच्या तोंडून सुरू झालं. मी आधी समजले की त्या ओठ वाचतात. मग लक्षात आलं, की त्या माणसाचे ओठ हलायच्या आधीच कधीकधी त्यांचं वाक्य संपलेलं असतं.

इंदूताई दिल्लीत संसदेत दुभाषी होत्या. सगळी नोकरी सभागृहाच्या वरच्या बाजूला, काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून गेली. कुणी मराठीत बोललं की ते हिंदीत करायचं, हिंदीत बोललं की मराठीत. त्या कामाचा एक नियम असतो. 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. बोलणारा जसा 'मी' म्हणतो तसंच 'मी' म्हणायचं. तो चिडला तर आपणही चिडायचं, तो खोटं बोलला तर तेही नीट, न अडखळता बोलायचं. सरकारी बाकावरचा मंत्री बसला आणि विरोधी बाकावरचा सदस्य उठला, की यांचा 'मी' पक्ष बदलून मोकळा. "आमच्याइतकं पक्षांतर कुणी केलं नसेल," असं त्या हसू न आणता सांगत.

स्वतःबद्दल बोलताना मात्र 'मी' हा शब्द त्यांच्या तोंडून जवळजवळ ऐकू यायचा नाही. "चहा टाकतेय." "आज बरं वाटत नाही." मराठीत तसं चालतं म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तो शब्द ऑफिसचा होता. रिटायर होताना ऑफिसच्या वस्तू परत कराव्या लागतात."

सभात्याग केव्हा होणार हे त्या आधी सांगत. "आता उठतील," म्हणायच्या, आणि पडद्यावरचे अर्धे बाक उठायचे. यात जादू काही नव्हती. "तोंडं काय बघता, पाय बघा. बराच वेळ बसायचं असलं की माणूस चपला काढून बसतो. उठायचं ठरलं की आधी पाय चपला शोधतात. चीड नंतर येते." काळ्या फिती, फलक, फाडलेली विधेयकं, अध्यक्षांच्या आसनाकडे केलेली पाठ, सगळं त्यांनी वरून पाहिलेलं. त्यांना त्याची चेष्टा करायची नसे. एकदा एक सदस्य घोषणा देत दारापर्यंत गेले आणि औषधाची डबी बाकावर राहिली म्हणून थबकले. समोरच्या पक्षाच्या माणसानं ती उचलून त्यांच्याकडे फेकली, यांनी झेलली, आणि त्याच माणसाकडे हात करून उरलेली घोषणा पुरी केली. ताई म्हणत, दोघांचंही खरं होतं. डबी फेकणंही आणि घोषणाही.

पण त्यांच्या मनात रुतलेली गोष्ट ही नव्हती. विरोधक निघून गेले तरी कामकाज चालू राहायचं, आणि ऐकायला कुणी असो नसो, दुभाष्याला बोलत राहावं लागायचं. कागद गोळा करणारा एक शिपाई त्यांना एकदा म्हणाला, मॅडम, ते लोक गेल्यावर खाली येऊन बघा. कानाची यंत्रं बाकांवर तशीच चालू पडलेली असतात आणि प्रत्येक रिकाम्या बाकावर तुम्ही कुजबुजत असता.

"ते ऐकल्यापासून बिघडलं," ताई म्हणाल्या. रिकाम्या बाकांसमोर बोलायची वेळ आली की त्यांना उत्तर ऐकू यायला लागलं. खालचे माईक बंद असायचे. तरी हेडफोनमध्ये, दूरवरून, तो निघून गेलेला माणूस बोलायचा. मी भूगोल शिकवते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. हसून विचारलं, काय बोलायचा?

"उठून गेला नसता तर जे बोलला असता ते," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या गोळा करायला लागल्या.

ताई येरवड्यात वाढल्या. वडील तिथल्या तुरुंगात शिपाई. घर आजोबांच्या पिढीतच बौद्ध झालेलं. आजोबांनी नातीला शिकवलं होतं की आपल्याला बोलता येतं हीच आपली कमाई. दिल्लीतल्या उमेदीच्या वर्षांत एकदा आपल्याकडच्याच एका सदस्यानं मराठीत भाषण केलं. या लोकांना अजून किती दिवस पोसायचं, असा सूर. 'हे लोक' म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळत होतं. काचेच्या खोलीत ताईंची पाळी होती. त्यांनी एक शब्द सौम्य केला नाही, एक गाळला नाही. 'मी' म्हणूनच बोलल्या. अर्धं सभागृह उठलं, कागद फाटले, सभात्याग झाला. नंतर विरोधी बाकावरचे एक वयस्कर सदस्य त्यांना जिन्यात भेटले. ते ताईंसारख्याच घरातून आलेले. म्हणाले, "बाई, त्याचं बोलणं माझ्या सवयीचं आहे. तुमच्या तोंडून ऐकवलं नाही." आणि ज्यानं भाषण केलं तो संध्याकाळी स्वतः येऊन म्हणाला, "छान बोललात. माझ्यापेक्षा छान."

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? "घरी जाऊन जीभ खरवडली," त्या म्हणाल्या.

आमच्या इमारतीतही दोन पक्ष होते. दिल्लीत जे कुणी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांचे इथले प्रतिनिधी. अध्यक्ष वानखेडे, मूळचे यवतमाळकडचे, दिलदार आणि घाईचे. विरोधी नेते पाटणकर काका, चौथ्या मजल्यावरचे, विमा कंपनीतून निवृत्त, शब्दाला धार. वानखेडेंनी काही सुचवलं की पाटणकर त्याला हुकूमशाही म्हणत. गणपतीच्या आरतीला पाटणकरांचा गट दंडाला काळी फीत लावून आला होता. आरती म्हणत होते, फक्त वानखेडेंनी तबक फिरवलं तेव्हा पाठ फिरवून उभे राहिले. पुढच्या वर्षी वानखेडेंनी प्रसादाचे मोदक पक्षाच्या रंगाचे करून घेतले. पाटणकरांच्या गटानं ते घेतले आणि खाल्ले नाहीत.

मग लिफ्टचा प्रश्न आला. जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची, काही महिने जिना चढायचा. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. पाटणकर उभे राहून लोकशाहीवर बोलले, बहुमताच्या दडपशाहीवर बोलले, लिफ्टवर जवळजवळ बोललेच नाहीत. ताई माझ्या शेजारी मागच्या रांगेत होत्या. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. "उठणार आता." पाटणकर उठले, त्यांच्या मागोमाग चार-पाच जण, आणि सगळे फाटकाकडे चालू लागले.

वानखेडेंच्या गळ्यात सभेच्या सुरुवातीला घातलेला सत्काराचा हार होता. गंमत म्हणून त्यांनी तो काढला आणि पाटणकरांच्या रिकाम्या खुर्चीला घातला. लोक हसले. काही बायका हसल्या नाहीत. खुर्चीला हार घातलेला बघवत नाही.

"चला, विरोध संपला," वानखेडे म्हणाले. "ठराव सर्वानुमते मंजूर करून टाकू."

"अध्यक्ष महोदय," माझ्या शेजारून आवाज आला.

ताई बसूनच बोलत होत्या. नजर त्या हार घातलेल्या खुर्चीवर. आवाज त्यांचाच, पण वाक्य टाकायची पद्धत, शेवटचा शब्द दाताखाली तोडायची ती लकब पाटणकरांची.

"मी उठून गेलो, कारण इथं बसून मला खरं सांगता येईना. माझी बायको माहेरी गेलेली नाही. ती वर आहे. अंथरुणाला खिळली आहे, तिची वाचा गेली आहे. लिफ्ट बंद झाली तर मी तिला रात्री-अपरात्री दवाखान्यात कसं नेऊ? पण हे मी तुमच्यापुढं बोलणार नाही. मी काळी फीत लावीन."

सुधाकाकू मिरजेला भावाकडे गेल्यात, असंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा आवाज इमारतीच्या ओळखीचा होता. रोज सकाळी गॅलरीतून, शेवटचं अक्षर लांबवत, त्या नवऱ्याला हाक मारायच्या, "अहोऽ, पिशवी राहिलीऽ!" तो आवाज बरेच महिने आला नव्हता आणि आमच्यापैकी कुणी त्याबद्दल विचारलंही नव्हतं.

मी मागं वळले. पाटणकर फाटकातून परत आलेले, खांबाला धरून उभे होते. चेहरा राखेसारखा. वानखेडे पुढं झाले, त्यांनी स्वतःच्या हातानं खुर्चीचा हार काढला, खिशात कोंबायला लागले, तो मावेना. लिफ्टचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईंकडे असताना पाटणकर आले. बसले नाहीत. कुणी सांगितलं, एवढंच विचारलं. ताई म्हणाल्या, कुणी नाही.

"मग?"

"तुम्ही उठून गेलात. खुर्ची रिकामी होती."

ते भांडायला आले असावेत, पण भांडण त्यांच्याकडून होईना. सोफ्याच्या कडेला टेकले. खाली बघत म्हणाले, "तिचं ऐकू येईल का हो तुम्हाला? दिवाळीपासून एक शब्द नाही."

ताई ठाम नाही म्हणाल्या. माईक बंद असलेल्याचं बोलणं सांगायचा दुभाष्याला अधिकार नसतो, कालही चूकच झाली, पुन्हा होणार नाही. पाटणकर ऐकून घेत राहिले. उठून गेले नाहीत. तसेच बसून राहिले. उठून जाणाऱ्या माणसांची ताईंना सवय होती. बसून राहणाऱ्यापुढं काय करावं, हे त्यांना समजलं नाही.

आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. खोली अतिशय स्वच्छ होती, औषधांचा वास आणि खिडकीतून खडकवासल्याकडचे डोंगर. सुधाकाकू पलंगावर होत्या. इतक्या लहान झाल्या होत्या की मला क्षणभर पलंग रिकामा वाटला. डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. पाटणकर म्हणाले, ते दिवसभर वाहतं, आजारामुळे.

ताई खुर्ची ओढून बसल्या. इतका वेळ काही झालं नाही की मी निघायच्या विचारात होते. आणि मग खोलीत सुधाकाकू बोलल्या. म्हणजे ताईंचेच ओठ हलले. पण मी गॅलरीतला तो आवाज कितीतरी वर्षं ऐकला होता. शेवटचं अक्षर तसंच लांबलं.

"अहोऽ, मला सारखं उचलून नेऊ नका. तिथं तुम्हाला दाराबाहेर ठेवतात. मला इथंच राहू द्या."

पाटणकर उठले आणि सरळ दारापर्यंत गेले. कडीला हात घातला. तिथंच पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा पलंगाजवळ खाली बसून त्यांनी विचारलं, "सुधा, खरं का हे?"

सुधाकाकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आधीही वाहतच होतं.

जिना उतरताना मी ताईंना विचारलं, त्या खरंच तसं म्हणाल्या का? "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "तिथं जागा रिकामी नव्हती. माणूस समोर होता. असं कधी केलेलं नाही." आणि मग, खाली पोचता पोचता, "त्यांना ऐकायचं होतं ते बोललं गेलं की काय, कोण जाणे."

थंडी सुरू होताना सुधाकाकू गेल्या. दुपारी श्वास लागला. पाटणकरांनी दवाखान्याची गाडी बोलावली नाही, हात धरून बसून राहिले. परदेशातून मुलगा आला. पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत त्यानं वडिलांना विचारलं, कुणीतरी शेजारची बाई म्हणाली म्हणून आईला नेलं नाहीत? पाटणकर म्हणाले, "शेजारची बाई नाही. तुझी आई म्हणाली." वानखेडेंनी पाटणकरांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पाटणकरांनी झटकला नाही. दोन्ही पक्षांना एका बाजूला उभं असलेलं मी तेव्हाच पाहिलं.

ताई त्या घोळक्यात नव्हत्या. त्यानंतर त्यांच्याकडे जाणं लोकांनी कमी केलं. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की बोलणं थांबायचं. आपण जे बोलत नाही ते या बाईंना ऐकू येतं, असं एकदा मनात आल्यावर माणसं त्यांच्यासमोर विचारही जपून करत असावीत. काही जण मात्र लपून यायचे. कुणाला गेलेल्या भावाचं ऐकायचं असायचं, कुणाला न बोलणाऱ्या सुनेचं. ताई दार लोटून घ्यायच्या. शेवटी येरवड्याहून त्यांची भाची प्रज्ञा आली आणि त्यांना घेऊन गेली. निघताना मी विचारलंच, ताई, माझं काही ऐकू येतं का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, तुमचं सगळं तुम्ही बोलूनच टाकता. शिल्लक काय राहणार?"

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला निघाले होते. पाटणकर जिन्यात भेटले. कुठं निघालात विचारलं, मी सांगितलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं. "त्यांना विचाराल का..." एवढं म्हणून थांबले. "नको. काही विचारू नका. बऱ्या आहेत ना, तेवढं बघून या."

प्रज्ञाच्या घरी दुपारची वेळ होती. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, बऱ्याच थकलेल्या. मला त्यांनी ओळखलं, शाळेबद्दल विचारलं. टीव्हीवर सभागृह चालू होतं, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. प्रज्ञा चहा करायला आत गेली. जाताना हळूच म्हणाली, आत्या हल्ली या वेळेला काहीतरी बोलते, घाबरू नका.

मी बसले. पडद्यावर एका बाजूचे लोक फलक उंचावून उभे होते, दुसऱ्या बाजूचे बाकं बडवत होते. ताईंनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे. त्यांचा श्वास जड झाला, खांदे वर उचलले गेले, आणि चौथ्या मजल्यावरच्या खोलीतला तो आवाज आला.

"अहोऽ, गाडी आली का? मला श्वास घेता येत नाही. न्या ना मला."

आतून कपबशा वाजत होत्या. मी उठू शकले असते. प्रज्ञाला हाक मारू शकले असते. ताईंचा हात हवेत कुणाला तरी शोधत होता.

"अहोऽ, गाडी आली का?"

मी तो हात धरला. जे बाहेर आलं त्या आवाजाला मी माझा म्हणणार नाही.

"आली, सुधा. खाली उभी आहे. चल, मी धरतो तुला."

खांदे खाली आले. श्वास हळूहळू लांब झाला. ताईंनी डोळे मिटले आणि माझी बोटं घट्ट धरून, खुर्चीतून जरा पुढं झुकून, उठायला निघालेल्या माणसासारख्या त्या पायांनी चपला शोधत राहिल्या.